आपल्या मिरज-कराड-साताऱ्याची रेल्वे मॉडेलमध्ये करायची असेल तर त्या काळाचे रूळ आणि इंजिन कसं शोधायचं

मॉडेल रेल्वे करणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी वाटतंच की आल्प्समधलं स्टेशन खूप झालं, आता आपलं कराड करूया, मिरज करूया. आणि मग पहिला प्रश्न येतो तो "इंजिन कुठलं घेऊ?" माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी एक जागा आणि एक वर्ष पक्कं करायचं, त्याच्यावरनं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ठरतं, गेजवरनं रूळ ठरतो, मग मालक कोण ते ठरतं, आणि एवढं झालं की इंजिनाची यादी आपोआप इतकी लहान होते की निवडायला फार काही उरतच नाही. उलट्या बाजूनं सुरुवात केली, म्हणजे आवडलं म्हणून इंजिन घेतलं आणि मग त्याला स्टेशन शोधत बसलं, की प्रत्येक पायरीला तडजोड करत जावं लागतं.

आपल्या भागात तर हे जास्तच लागू पडतं, कारण शंभर-सव्वाशे वर्षांत एकाच स्टेशनवर तीन वेगवेगळी गेज येऊन गेलीत.

जागा आणि वर्ष

पुणे ते मिरज लाईन मूळची सदर्न मराठा रेल्वेची, मीटरगेज, १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. मिरज-कोल्हापूर १८९१ साली, तेपण मीटरगेज. १९२७ साली बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडी-पंढरपूरकडनं मिरजेला पोचली, ती नॅरोगेज. १९७१ पर्यंत पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं पण मिरजेच्या पुढं बेळगाव-लोंढ्याकडं मीटरगेजच राहिलं, ते गेलं १९९० च्या दशकात, आणि पंढरपूरची नॅरोगेज गेली त्याच्यानंतरच्या दशकात.

आता हेच मिरज डोळ्यासमोर आणा. १९०० चं मिरज करायचं तर फक्त मीटरगेज. १९३५ चं करायचं तर मीटरगेज आणि नॅरोगेज. १९८० चं करायचं तर तिन्ही गेज एकाच स्टेशनात, आणि अशी स्टेशनं देशात मोजकीच होती. २००० चं करायचं तर ब्रॉड आणि नॅरो. म्हणजे "मिरज स्टेशन करतोय" एवढं म्हणून काहीच कळत नाही, वर्ष सांगितल्याशिवाय रूळसुद्धा विकत घेता येत नाही.

नावंपण बदलतात त्यामुळं पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा वर्षावरच. किर्लोस्करवाडीचं स्टेशन आधी कुंडल रोड होतं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली कारखाना आणि वसाहत उभी केली त्याच्यानंतर ते नाव बदललं. साताऱ्याला जायचं तर मीटरगेजच्या काळात उतरायचं सातारा रोडला. आणि सांगलीत आज स्टेशन आहे विश्रामबागच्या बाजूला, पण शहराच्या मध्यात स्टेशन चौक आहेच की, जिथं आता स्टेशनच नाही. जुनी मीटरगेजची शाखा तिथपर्यंत यायची. सांगलीचा लेआऊट (म्हणजे रूळ, स्टेशन, देखावा सगळं मांडलेलं मॉडेल) करणाऱ्यानं हे दोन वेगळे विषय समजायचे, जुनी सांगली आणि नवी सांगली, दोन्ही एका बोर्डवर मिसळता येत नाहीत.

एक उदाहरण घेतो म्हणजे पद्धत लक्षात येईल. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रक्कम घेऊन जाणारी पुणे-मिरज गाडी अडवली, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ त्यात होते, आपल्याकडं घराघरात माहीत असलेला प्रसंग आहे. समजा कुणाला हा प्रसंग मॉडेलमध्ये करायचाय. तारीख पक्की आहे म्हटल्यावर काय काय निकालात निघालं बघा: ब्रॉडगेज नाही. डिझेल नाही. मीटरगेजची सगळ्यात ओळखीची वाफेची इंजिनं म्हणजे वायपी आणि वायजी, ती १९४९ नंतरची, म्हणून तीपण नाहीत. डब्यांवर भारतीय रेल्वेचं काहीही नाही, कारण लाईन तेव्हा कंपनीच्या हातात होती, सरकारनं ती थेट ताब्यात घेतली १९४४ च्या एप्रिलमध्ये. डब्यांमध्ये थर्ड क्लास पाहिजे. हे सगळं एक फोटोसुद्धा न बघता नुसत्या तारखेवरनं कळलं, आणि जे उरतं ते म्हणजे कंपनीच्या काळातली जुनी इंजिनं आणि १९२०-३० च्या दशकातली भारतीय स्टँडर्ड वर्गातली वायबी, वायडी असली मंडळी. आता शोध घ्यायचा तो एवढ्याच चौकटीत, म्हणजे "१९४३ ला मिरज शेडला यातलं काय काय होतं?"

मालक कोण होता

टेंडरवर (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर) आणि डब्यांवर अक्षरं कुठली येणार हे ह्याच्यावर ठरतं, आणि ही माहिती तशी पक्की मिळते म्हणून आधी उरकून घ्यायची. १९०७ च्या शेवटापर्यंत सदर्न मराठा रेल्वे. १ जानेवारी १९०८ पासून मद्रास रेल्वेबरोबर एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे एम अँड एस एम. १९४४ पासून सरकारी. १४ एप्रिल १९५१ पासून दक्षिण रेल्वे. २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वे. आणि आज पुणे-मिरज-कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे डिव्हिजनमध्ये.

नॅरोगेजची गोष्ट वेगळी. बार्शी लाईट ही १९५४ पर्यंत खाजगी कंपनीच होती, मग सरकारनं घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. म्हणजे १९६० च्या मिरज स्टेशनात एका फलाटावर दक्षिण रेल्वेचं मीटरगेज इंजिन आणि पलीकडं मध्य रेल्वेचं नॅरोगेज इंजिन, दोन झोन एका स्टेशनात! १९६६ ला दक्षिण मध्य झाल्यावर सोलापूर डिव्हिजनपण तिकडंच गेलं आणि १९७७ ला परत मध्य रेल्वेत आलं, त्यामुळं त्या अकरा वर्षांतलं मॉडेल असेल तर नॅरोगेजची अक्षरं परत बदलतात. पण एक ध्यानात ठेवा, कागदावर मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी इंजिनं रंगवून होत नाहीत. इंजिन वर्कशॉपला मोठ्या दुरुस्तीला गेलं की तेव्हाच रंग आणि अक्षरं बदलायची, त्यामुळं बदलाच्या नंतरची दोन-तीन वर्षं जुनी-नवी अक्षरं एकत्र दाखवली तरी ते काळाला धरूनच आहे, आणि मला तर ते जास्त खरं वाटतं.

नकाशे

लाईन कुठनं जायची, यार्डात किती रूळ होते, गुडस शेड कुठल्या बाजूला होती, हे नकाशावरनं काढायचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटमध्ये आपला भाग ४७ नंबरमध्ये येतो, कोरेगाव-कराड ४७ के मध्ये आणि सांगली-मिरज ४७ एल मध्ये, सातारा शहर मात्र अगदी कडेला ४७ जी मध्ये पडतं. जुनी शीट एक इंच म्हणजे एक मैल ह्या मापाची, नंतरची १:५०,००० ची. शीट हातात आली की सगळ्यात आधी खालचा मजकूर वाचायचा, कारण छापल्याचं वर्ष आणि सर्व्हे केल्याचं वर्ष वेगळं असतं आणि आपल्या कामाचं वर्ष सर्व्हेचं. १९७५ ला छापलेल्या नकाशावर मीटरगेज दिसलं म्हणून १९७५ ला मीटरगेज होतं असं होत नाही. ब्रॉडगेजची आणि बाकी गेजची खूण वेगळी असते ती सूचीत बघून घ्यायची.

अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसनं १९५० च्या दशकात भारताचे १:२,५०,००० चे यू ५०२ मालिकेतले नकाशे केले होते, ते टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीनं नेटवर फुकट ठेवलेत. यार्ड कळण्याइतके ते मोठे नाहीत पण लाईनचा मार्ग आणि स्टेशनची त्या वेळची नावं तपासायला बरे पडतात. त्याच्यापेक्षा भारी गोष्ट म्हणजे कोरोना उपग्रहाचे फोटो. अमेरिकेनं १९६० ते १९७२ हेरगिरीसाठी काढलेले हे फोटो नंतर खुले झाले आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या साईटवर मिळतात, ज्यांचं स्कॅन आधी झालंय ते फुकट डाऊनलोड होतात. आपल्यासाठी हा काळ सोन्याचा आहे, कारण मीटरगेजची शेवटची वर्षं आणि ब्रॉडगेजचं काम ह्याच बारा वर्षांत येतं. नंतरच्या मिशनमधल्या फोटोत यार्डाचा आकार आणि मोठ्या इमारती ओळखू येतात.

मग आजचा सॅटेलाइट नकाशा शेजारी उघडायचा आणि जुनी लाईन शोधायची. रेल्वेची लाईन गेली तरी तिची जमीन लपत नाही, कारण गाडीला वळण मोठ्या त्रिज्येचंच लागतं, त्यामुळं उसाच्या चौकोनी फडांमधनं एकच बांध लांबवर हळूहळू वळत गेलेला दिसला की तिथं थांबून बघायचं. ब्रॉडगेज करताना बऱ्याच ठिकाणी वळणं सरळ केली, घाटातले चढ कमी केले, तिथं जुना भराव, घडीव दगडाच्या छोट्या मोऱ्या बाजूला पडलेल्या सापडतात. गावातल्या माणसाला "जुनी रेल्वे लाईन कुठनं जायची" विचारलं की तो बोट दाखवून सांगतो. मोरीची रुंदी, दगडाचे थर, कठड्याची उंची मोजून घ्या, मॉडेलला हे माप थेट कामाला येतं. पण चालू लाईनवर मात्र टेप घेऊन उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि जिवाचा धोका तर आहेच. फलाटावरनं किंवा फाटकावरनं जे दिसतं तेवढ्याचेच फोटो काढा, ते पुरतात.

कागद

वर्किंग टाईमटेबल नावाची चीज माहीत असू द्या. प्रवाशांचं टाईमटेबल वेगळं आणि हे रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठी छापलेलं वेगळं. ह्यात मालगाड्यापण असतात, कुठल्या इंजिनानं किती लोड ओढायचा, कुठं वेगाला किती मर्यादा, कुठं पाणी घ्यायचं, कुठल्या स्टेशनात गाड्या एकमेकींना पास होतात, सगळं. सिंगल लाईनचा लेआऊट चालवायचा तर आदर्की-वाठारच्या चढावर किती डबे लावायचे हे ह्याच्यावरनंच ठरवता येतं. जुन्या प्रती रेल्वेत काम केलेल्यांच्या घरी, रद्दीवाल्यांकडं आणि जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडं मिळतात. मिळाली तर पानं मोबाईलनं नीट उजेडात काढून ठेवा, कागद फार ठिसूळ झालेला असतो.

गॅझेटियर दोन प्रकारचे आहेत आणि त्यांचा वापर वेगळा. १८८५ चा सातारा गॅझेटियर म्हणजे मुंबई इलाख्याचा एकोणिसावा खंड, तो पुणे-मिरज लाईन पुरी व्हायच्या आधीचा, त्यामुळं त्यात रस्ते, बाजार, नद्या, घाट, इमारतींची बांधणी ह्यांचं वर्णन घ्या, रेल्वेच्या तपशिलासाठी त्याच्यावर विसंबू नका. नंतरचे जिल्हा गॅझेटियर, साताऱ्याचा १९६३ चा आणि सांगलीचा १९६९ चा, हे मात्र मीटरगेजच्या शेवटच्या काळातले आहेत, १९६० च्या दशकातला लेआऊट करणाऱ्यानं दळणवळणाचं प्रकरण शब्दन् शब्द वाचावं. सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या साईटवर आहेत, नाहीतर सांगली-साताऱ्याच्या नगर वाचनालयात जाऊन बसायचं.

वॅगनमध्ये काय भरायचं हा प्रश्न लोक विसरतातच. किर्लोस्करवाडीचे नांगर आणि पंप, कराड स्टेशनच्या शेजारच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील आणि काचसामान, सांगलीची हळद, गूळ, सातारा रोडच्या कूपर कारखान्याचा माल, हे सगळं रेल्वेनंच जायचं. ओगले काच कारखाना १९१६ चा, म्हणजे १९१० च्या कराडात काचसामानाच्या पेट्या फलाटावर नकोत. १९२० पासून किर्लोस्करवाडीतनं निघणारं "किर्लोस्कर खबर" आणि त्याचे पुढचे अंक चाळले तर जाहिराती आणि फोटोंमधनं माल कसा बांधलेला असायचा तेसुद्धा कळतं.

यार्डाचे प्लॅन डिव्हिजनच्या इंजिनिअरिंग ऑफिसात असतात. माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करता येतो, पण "जुने सगळे प्लॅन द्या" असं लिहिलं तर काही हाती लागणार नाही, स्टेशनचं नाव, गेज आणि वर्षांचा पट्टा लिहून एकच कागद मागायचा.

रूळ

माझ्या मते मॉडेलचा खरेपणा इंजिनापेक्षा रुळात जास्त असतो आणि नेमकं ह्याच्यावरच लोक सगळ्यात कमी वेळ देतात, म्हणून इथं जरा थांबतो.

रुळाचं वजन आपल्याकडं जुन्या पद्धतीत एका यार्डाला, म्हणजे तीन फूट लांबीला, किती पौंड असं मोजायचे, ६० आर, ७५ आर, ९० आर, नंतर मीटरला किलो, ५२ किलो, ६० किलो. हे वजन रुळाच्या पोटावर बाजूनं उठावदार अक्षरात लिहिलेलं असतं, कारखान्याचं नाव आणि वर्षपण असतं. जुने रूळ रेल्वेनं फाटकाच्या खांबाला, कुंपणाला, फलाटाच्या छपराला वापरलेत, तिथं मोकळ्या जागेतनं ही अक्षरं वाचता येतात. त्याच स्टेशनात सापडलेला ६० आरचा खांब हा पुरावा नाही पण चांगला इशारा आहे.

आता उंची. ६० आरची उंची ११४ मिमी, ७५ आरची साधारण १२९, ९० आरची १४३, ५२ किलोची १५६, ६० किलोची १७२. मॉडेलच्या रुळाचा कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात उंची. १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, हिशोब केला तर ६० आर येतो १.३ मिमी, म्हणजे कोड ५५ च्या जवळ. ७५ आर १.५ मिमी, त्यालापण कोड ५५ किंवा ६०. ९० आर आणि ५२ किलो दोन्हीला कोड ७० चालतो. ६० किलोला कोड ७५ किंवा ८३. आणि दुकानात सुरुवातीच्या सेटमध्ये मिळतो तो कोड १००, म्हणजे २.५४ मिमी, तो खऱ्या मापात २२१ मिमीचा रूळ होतो, असला रूळ आपल्या लाईनवर कधीच नव्हता. बार्शी लाईटचा तर विषयच वेगळा. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यानं ती सगळी लाईन पाच टन ॲक्सललोड (चाकांच्या एका जोडीवरचं वजन) धरून बेतली, म्हणून यार्डाला फक्त ३० पौंडाचा रूळ पुरला, तो १:८७ ला कोड ४० पेक्षा जाड दिसताच कामा नये.

स्लीपरकडं, म्हणजे रुळाखालच्या आडव्या आधाराकडं, बघा. जुन्या मीटरगेजला लाकडी स्लीपर साधारण १८३० बाय २०० मिमी, ब्रॉडगेजला २७४० बाय २५०. पण आपल्याकडं बिडाचे सीएसटी-९ स्लीपरपण भरपूर वापरले, त्यात रुळाखाली दोन बाजूला दोन बिडाच्या प्लेटी आणि मधे नुसती लोखंडी पट्टी, लाकडासारखा अखंड ओंडका दिसतच नाही. आणखी पोलादी पन्हळीसारखे स्लीपर होते. काँक्रीटचे स्लीपर बऱ्याच नंतरचे. म्हणून मीटरगेजच्या लेआऊटवर काँक्रीट स्लीपर दिसले की बघणाऱ्याला लगेच खटकतं. फोटोत दोन रुळांच्या मधली जागा बघायची, तिथं खडी अखंड दिसली आणि फक्त बारीक पट्टी दिसली तर सीएसटी-९.

किती अंतरावर किती स्लीपर हे मोजायचं सूत्र आहे, मीटरमधल्या रुळाच्या लांबीला अधिक किती. मीटरगेजचा रूळ १२ मीटरचा, त्याला अधिक ३ म्हणजे एका रुळाखाली १५ स्लीपर. ब्रॉडगेजचा १३ मीटरचा, अधिक ४ म्हणजे १७. यार्डातल्या बाजूच्या लाईनला मेन लाईनपेक्षा कमी. १:८७ ला १२ मीटर म्हणजे १३८ मिमी, तेवढ्या अंतरावर फिशप्लेटचा (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा) जोड दाखवायचा आणि जोडाच्या दोन बाजूंचे स्लीपर थोडे जवळ घ्यायचे. जुन्या फोटोत दोन जोडांमधले स्लीपर मोजता आले की ती लाईन मेन होती की सायडिंग तेपण कळतं.

सांधे म्हणजे पॉईंट, जिथं एका लाईनीतनं दुसरी फुटते, ते आपल्याकडं १ ला ८.५ आणि १ ला १२ असे असतात, म्हणजे कोन सुमारे ६.७ अंश आणि ४.८ अंश. बाजारात मिळणारे पॉईंट बऱ्याचदा १२ अंशांचे, म्हणजे जवळजवळ दुप्पट तिरके. जागा असेल तर निदान समोर दिसणारा एक सांधा हातानं करा, बाकीचे मागं विकतचे चालतील.

खडी आपल्याकडं काळ्या पाषाणाची. परदेशी करड्या-गुलाबी खडीची पाकिटं आणायची काहीच गरज नाही, खडीक्रशरवरची कच आणून बारीक चाळणीनं चाळायची, ५० मिमीचा खडा १:८७ ला ०.६ मिमी होतो तेवढा जाड कण ठेवायचा. फक्त एक काळजी घ्या, आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात, ते मोटरच्या चुंबकात जाऊन बसतात, म्हणून कच पसरून त्याच्यावरनं जोरदार चुंबक चार-पाच वेळा फिरवून ते काढून टाका. लोको शेडमध्ये आणि जुन्या यार्डात खडीपेक्षा राख जास्त, स्लीपर जवळजवळ बुजलेले.

आता इंजिन

एवढं झाल्यावर इंजिनाकडं यायचं. चाकांची रचना आधी, म्हणजे पुढची छोटी, मधली ओढणारी, मागची छोटी. वायपी ४-६-२, प्रवासी गाड्यांसाठी. वायजी २-८-२, मालगाड्यांसाठी. वायपीचं मोठं चाक १३७२ मिमी, वायजीचं १२१९, हे आकडे पाठ करा कारण फोटोवरनं मापं काढायला हेच लागतात. बाजूनं सरळ काढलेल्या फोटोत चाकाचा व्यास मोजला की त्याच्या प्रमाणात चिमणी, डोम, कॅबची खिडकी सगळ्याची मापं निघतात. तिरक्या फोटोवर हा प्रयोग करू नका, आणि जमेल तिथं दोन फोटोंवर करून आकडे जुळतायत का बघा.

वायपी सगळ्या एकसारख्या नव्हत्या. पहिल्या १९४९ मध्ये अमेरिकेत बाल्डविनकडं झाल्या, मग स्कॉटलंड-जर्मनीतनं आल्या, आणि पुढं टाटाच्या टेल्कोनं १९७० पर्यंत केल्या. टेंडर, हेडलाईट, बारीकसारीक नळ्या वेगळ्या. कारखान्याची पाटी इंजिनावर असते, तिच्यावर नंबर आणि वर्ष, पण ती इंजिनाचीच मानायची, टेंडर आणि बॉयलर वर्कशॉपमध्ये अदलाबदल व्हायचे. म्हणून तुमच्या इंजिनाला जो नंबर देणार, त्याच नंबरच्या इंजिनाचा तुमच्या वर्षाच्या जवळपासचा फोटो शोधा, आणि नाही मिळाला तर नंबर बदला, इंजिन तेच ठेवून.

बार्शी लाईटला कॅलथ्रॉपनं लीड्सच्या किटसनकडनं ०-८-४ टँक इंजिनं (कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारी) घेतली, आठ चाकांवर वजन वाटलं गेलं म्हणून हलक्या रुळावर चालली. नंतर टेंडरवाली २-८-२ आली. त्याच माणसानं इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही लाईन केली, १९०४ ते १९३४ चाललेली, आणि तिच्यावर इंग्लंडमध्ये भरपूर अभ्यास झालाय, चित्रं आणि आराखडे मिळतात. इंजिनं वेगळी, २-६-४, पण कारखाना किटसनच आणि डोकं एकच, त्यामुळं बांधणीची शैली कळायला त्याचा उपयोग होतो.

कारखान्यानं इंजिन बाहेर पडताना काढलेला फोटो फार स्वच्छ असतो, पण तो रंग बघायचा नाही. फोटो नीट यावा म्हणून इंजिनाला मुद्दाम राखाडी रंग द्यायचे. जुन्या कृष्णधवल फोटोबाबत आणखी एक सांगतो, त्या वेळच्या काचेला आणि फिल्मला लाल रंग दिसायचा नाही, लाल पट्टा काळा येतो आणि निळा पांढरट. बफर बीम (इंजिनाच्या तोंडाची आडवी पट्टी) फोटोत काळा दिसला म्हणून काळा रंगवायच्या आधी हे आठवा.

मीटरगेज आणि ब्रॉडगेजमधला समोरनं दिसणारा मोठा फरक म्हणजे बफर, डब्यांमधला धक्का झेलणारा दट्ट्या. जुन्या ब्रॉडगेजला दोन बाजूला दोन आणि मधे स्क्रू कपलिंग, मीटरगेजला मधोमध एकच बफर आणि त्यालाच हुक. युरोपियन डबा रंगवून मीटरगेजचा म्हणून चालवला की इथंच पकडला जातो.

प्रत्यक्ष बघायला म्हैसूरचं रेल्वे म्युझियम, दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, २०२० ला सुरू झालेलं हुबळीचं म्युझियम, आणि वाफेवर चालू स्थितीत बघायचं तर हरियाणातलं रेवाडी शेड. म्युझियममध्ये गेलात की इंजिनाचा अख्खा फोटो एकच काढा, बाकी सगळे फोटो जवळनं, आणि प्रत्येकात एक पट्टी धरून. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, लेआऊट कसा चालवतात ते कळायला तिथं जाऊन या.

माणसं

मिरजेत रेल्वेची पेन्शन घेणारी घरं भरपूर आहेत. फायरमन, ड्रायव्हर, सांधेवाले, गँगमन, त्यांची मुलं. त्यांना "त्या काळी कुठली इंजिनं होती" असं विचारलं तर गप्पा होतात पण तारीख मिळत नाही. घटनेला बांधून विचारायचं: कोयनेच्या भूकंपाच्या वेळी, म्हणजे डिसेंबर १९६७ ला, काका तुम्ही कुठल्या गाडीवर होता? बहात्तरच्या दुष्काळात धान्याच्या गाड्या कुठल्या फलाटाला लागायच्या? मग बरोबर आठवतं. सोबत जुना फोटो किंवा यार्डाचं कच्चं चित्र घेऊन जा आणि पेन त्यांच्या हातात द्या. पाणी भरायचा नळ कुठं होता, कोळसा कुठं टाकायचे, इंजिन फिरवायचं टर्नटेबल कुठल्या टोकाला होतं, हे ते स्वतः काढून दाखवतात. आणि परत एकदा जाऊन तेच प्रश्न दुसऱ्या माणसाला विचारा, दोघांचं जुळलं तर पक्कं धरायला हरकत नाही. घरातल्या लग्नाच्या, बदलीच्या निरोपाच्या ग्रुप फोटोत मागं उभं असलेलं इंजिन हा तर खजिनाच असतो.

स्केल आणि खरेदी

खरं गेज ब्रॉड १६७६, मीटर १०००, नॅरो ७६२ मिमी. १:८७ ला मीटरगेज येतं ११.५, बाजारात १२ मिमीचा एचओएम रूळ मिळतो, जवळजवळ बरोबर. नॅरोगेज येतं ८.८, त्याला ९ मिमीचा एचओई. ब्रॉडगेजला मात्र १९.३ पाहिजे आणि मिळतो १६.५, कारण तो युरोपच्या १४३५ साठी आहे. म्हणून ज्याला मापाला पक्कं राहायचंय त्यानं १:८७ मध्ये १९२७ ते १९७१ च्या आधीचं मिरज करावं, मीटर आणि नॅरो दोन्ही बाजारातल्या रुळांवर बसतात. १९८० चं तीन गेजचं मिरज करायचं तर ब्रॉडगेजचा रूळ हातानं घालायची तयारी ठेवा, नाहीतर तो अरुंद दिसणार हे मान्य करून पुढं जा.

वायपी १:८७ ला तयार मिळेल ह्या आशेवर राहू नका, करावी लागते. १२ मिमी गेजची चेसी (चाकांसकट खालचा सांगाडा) टीटी स्केलमध्ये, म्हणजे १:१२० मध्ये मिळते. जर्मनीच्या ०१ वर्गाचं ४-६-२ इंजिन घ्या, त्याचं खरं चाक २००० मिमीचं, टीटीमध्ये १६.७ मिमी. आपल्या वायपीचं १:८७ ला १५.८. जवळ आहे, चाकांमधली अंतरं मात्र घ्यायच्या आधी मोजून बघा. वरचं शरीर पितळेच्या पत्र्याचं किंवा थ्रीडी प्रिंटचं.

आणि सगळं खरेदी करायच्या आधी एक फुटाचा एकच तुकडा करा. ठरवलेला रूळ, मोजून लावलेले स्लीपर, चाळलेली कच, एक जोड, कडेला थोडी राख आणि गवत. तो सांगलीच्या उन्हात गच्चीवर नेऊन जुन्या फोटोच्याच कोनातनं मोबाईलनं काढा, कृष्णधवल करा आणि खऱ्या फोटोच्या शेजारी ठेवा. रूळ जाड वाटला तर कोड कमी करा, खडी मोठी वाटली तर परत चाळा, आणि दोन्ही फोटो एकाच लाईनचे वाटले की मग बाकीच्या रुळाची ऑर्डर द्या.